जुने चावीचे घड्याळ घ्यावे ते कशासाठी? ‘जनता’ आणि ‘सी चीफ’ यांपैकी निवड करायची आहे

गोदाकाठ, परभणी

नमस्कार. मी परभणी जिल्ह्यातील एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवतो. माझ्याकडे घड्याळांचा संग्रह नाही. एखादे जुने, चावीचे मनगटी घड्याळ घ्यावे आणि ते कपाटात न ठेवता रोज हातात घालावे, अशी इच्छा मात्र बऱ्याच दिवसांपासून आहे. शहरातल्या जुन्या बाजारपेठेत एका घड्याळजींकडे सध्या अशी दोन घड्याळे विक्रीला आहेत. एक एचएमटीचे ‘जनता’ आहे. त्याची मूळची पांढरी तबकडी आता सायीसारखी पिवळसर झाली असून चार आणि पाच या आकड्यांच्या मध्ये एक तपकिरी डाग आहे, आणि पट्टा जिथे अडकतो तिथला मुलामा उडून आतले पितळ दिसते. दुसरे फेव्हर ल्युबा या स्विस कंपनीचे ‘सी चीफ’ आहे. त्याची गडद निळी तबकडी आणि ठसठशीत पांढरी अक्षरे इतकी झळझळीत आहेत की ते कालच दुकानातून आणल्यासारखे वाटते. दोन्ही घड्याळे चालू आहेत आणि किमतीतही फारसे अंतर नाही.

माझ्या वडिलांचे म्हणणे असे की, याच्या निम्म्या पैशात सेलवर चालणारे नवे घड्याळ येते, ते महिनाभरात काही सेकंदांपलीकडे चुकत नाही आणि त्याला रोज चावीही द्यावी लागत नाही. मग दुसऱ्याने वापरून झालेले जुने यंत्र विकत घेण्यात काय अर्थ? त्यांना देण्यासारखे नेमके उत्तर माझ्याकडे नाही. आपल्यापैकी जे जाणकार वर्षानुवर्षे अशी घड्याळे घेत आले आहेत, त्यांनी ती कोणत्या कारणाने घेतली आणि त्यांतली कोणती कारणे काळाबरोबर टिकली, हे समजून घ्यायचे आहे. या दोहोंपैकी कोणते घ्यावे, याबद्दलही मार्गदर्शन करावे.

जुनाबाजार, जालना

गोदाकाठ सर, आधी आपल्या वडिलांच्या मुद्द्याविषयी लिहितो, कारण तो खरा आहे. वेळ अचूक कळावी म्हणून कोणीही जुने घड्याळ घेऊ नये. सेलवरच्या घड्याळातला क्वार्ट्झचा स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो, तर ‘जनता’मधले बॅलन्स चाक (पुढेमागे झोके घेऊन वेळ मोजणारे चाक) तासाला १८,००० ठोके, म्हणजे सेकंदाला पाच ठोके देते. जपानच्या सेको कंपनीने २५ डिसेंबर १९६९ रोजी ‘ॲस्ट्रॉन’ हे क्वार्ट्झवर चालणारे पहिले मनगटी घड्याळ बाजारात आणले, तेव्हाच अचूकतेच्या स्पर्धेचा निकाल लागला होता. चांगले राखलेले जुने घड्याळ दिवसाला वीस-तीस सेकंद पुढेमागे गेले तरी मी ते निरोगी समजतो.

मग घ्यायचे कशासाठी? मी घेतो त्यामागे एक कारण इतर सगळ्या कारणांहून मोठे आहे. सामान्य माणसाच्या हाती घड्याळ कसे आले, याचा पुरावा त्या वस्तूवरच उमटलेला असतो, आणि तो दुसरीकडे कुठेही नोंदलेला नसतो. बंगळूरमध्ये हिंदुस्थान मशीन टूल्स (एचएमटी) ही सरकारी कंपनी १९५३ साली उभी राहिली. तिने जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने १९६१ साली घड्याळांचा कारखाना सुरू केला आणि तिथे तयार झालेल्या चावीच्या घड्याळांचा पहिला संच पंडित नेहरूंच्या हस्ते बाहेर पडला. त्याआधी घड्याळ म्हणजे बहुधा परदेशी वस्तू होती आणि आपल्या भागात ती वकील, डॉक्टर, मोठे बागायतदार किंवा रेल्वेचे अधिकारी यांच्याच हातात दिसे. पुढच्या दोन-तीन दशकांत ती कापूस विकून चार पैसे हाती आलेल्या शेतकऱ्याच्या, एसटीच्या वाहकाच्या आणि जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या गुरुजींच्या मनगटावर आली. ते स्थित्यंतर ज्या वस्तूंतून घडले त्यांपैकी एक आपल्यासमोर काउंटरवर पडलेली आहे. केंद्र सरकारने जानेवारी २०१६ मध्ये एचएमटीची घड्याळ कंपनी बंद करण्याचा निर्णय घेतल्यामुळे आता त्या कारखान्यातून नवे काही येणार नाही.

म्हणूनच मला तबकडी न रंगवलेले, केस (म्हणजे बाहेरचे धातूचे कवच) न घासलेले घड्याळ हवे असते. आपण सांगितलेला चार आणि पाचच्या मधला डाग बहुधा काचेच्या कडेतून किंवा चावीच्या फटीतून आत गेलेल्या ओलाव्याचा असावा. पट्ट्याजवळ दिसणारे पितळ घामाने उघडे पडले आहे. मनगटाची जी बाजू कपाळावरचा घाम पुसायला जास्त वापरली जाते, त्या बाजूला झीज अधिक असते, हे मी कितीतरी घड्याळांवर पाहिले आहे. घड्याळजींना मागचे झाकण उघडून दाखवायला सांगा आणि झाकणाच्या आतल्या बाजूला भिंगातून पाहा. तिथे सुईने कोरलेले बारीक आकडे आणि खुणा दिसतील. प्रत्येक सर्व्हिसिंगनंतर कारागीर आपली खूण आणि तारीख कोरून ठेवत असे. मराठवाड्यातून आलेल्या जुन्या घड्याळांत हे आकडे कधी कधी उर्दूत असतात, कारण आपल्याकडच्या जुन्या घड्याळजींपैकी अनेकांचे शिक्षण निजामाच्या काळातल्या उर्दू शाळांत झाले होते. माझ्याकडच्या एका घड्याळात एकाखाली एक अशा तीन वेगवेगळ्या हातांच्या नोंदी आहेत. वरच्या दोन उर्दू आकड्यांत आणि खालची देवनागरीत. घड्याळ कोणाचे होते हे मला माहीत नाही, पण ते पुन्हा पुन्हा दुरुस्त करून वापरावे असे कोणाला तरी वाटत होते, एवढे त्या नोंदींवरून निश्चित समजते.

‘सी चीफ’बद्दल मात्र मला शंका आहे. कंपनी नामांकित आहे यात वाद नाही. फेव्हर ल्युबाची परंपरा स्वित्झर्लंडमध्ये १७३७ पासूनची आहे, १८६५ पासून ती हिंदुस्थानात घड्याळे विकत होती आणि आपल्या आजोबांच्या पिढीत ‘फेवरलुबा’ हे नाव प्रतिष्ठेने घेतले जात असे. परंतु त्या काळातले घड्याळ कालच आणल्यासारखे दिसत असेल, तर त्याची तबकडी नव्याने रंगवलेली असण्याचीच शक्यता अधिक. भिंगातून तीन गोष्टी पाहा: कडेच्या मिनिटांच्या रेघा तासांच्या खुणांशी बरोबर जुळतात का, अक्षरांच्या कडा रेखीव आहेत की शाई पसरल्यासारख्या आहेत, आणि सहाच्या खाली ‘स्विस मेड’ ही अक्षरे पूर्ण आणि मध्यावर आहेत की नाहीत. रंगवलेल्या तबकडीत यांपैकी एक तरी गोष्ट बहुधा चुकलेली असते. अशा घड्याळांना परदेशातले संग्राहक ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात आणि त्यांपासून दूर राहतात. मी आपल्या जागी असतो, तर ‘जनता’च घेतले असते.

एक गोष्ट वडिलांना आवर्जून सांगा, की हे गुंतवणूक म्हणून घेत नाही. भाव वाढेल या आशेने घेतलेले घड्याळ माणूस हातात घालत नाही, आणि जे हातात घालायचे नाही ते घेण्याला माझ्या लेखी अर्थ नाही.

घड्याळदुरुस्ती, नांदेड

जालन्याच्या साहेबांनी ‘जनता’ची शिफारस केली ती मलाही मान्य आहे, मात्र माझे कारण वेगळे आहे आणि रंगवलेल्या तबकडीबद्दलचे त्यांचे मत मला पूर्ण पटलेले नाही. आमच्या घरी दोन पिढ्या हेच काम चालते, त्यामुळे काउंटरच्या आतल्या बाजूने दोन शब्द लिहितो.

तबकडी रंगवून देणे हे एकेकाळी सरळ, उघड काम होते. गिऱ्हाईक स्वतःच घड्याळ घेऊन येत असे. पाणी जाऊन तबकडी काळी पडलेली असे, मुलाचे लग्न तोंडावर आलेले असे आणि नवे घेण्याची ऐपत नसे. तबकडी रंगायला मोठ्या शहरात पाठवली जाई, मशीन इथेच साफ होई आणि तेच घड्याळ नव्या जावयाच्या हातात बांधले जाई. घड्याळ, सायकल आणि रेडिओ यांच्यावाचून लग्नाची बोलणी पुढे सरकत नसत, असा तो काळ होता. त्या घड्याळाची तबकडी रंगवलेली आहे म्हणून ते खोटे ठरत नाही; ज्याने रंगवून घेतली, त्याच्या गरजेची ती खूण आहे. रंगवलेली तबकडी मूळची म्हणून विकणे, किंवा चार घड्याळांचे भाग एकत्र करून एकाच्या नावाने विकणे, हे मात्र गैर आहे. तेव्हा सरांनी घड्याळजींना सरळ विचारावे की तबकडी रंगवलेली आहे का. जो कारागीर ‘हो, रंगवलेली आहे’ असे स्पष्ट सांगतो, त्याच्याकडून मी निःशंकपणे घड्याळ घेईन.

माझ्या दृष्टीने निवड ठरते ती दुरुस्तीवर. एचएमटीच्या चावीच्या घड्याळांचे मशीन वर्षानुवर्षे फारसे बदलले नाही आणि ते लाखोंनी बनले. त्यामुळे मेनस्प्रिंग (चावी दिल्यावर ताणली जाणारी मुख्य स्प्रिंग), बॅलन्सचा दांडा, चावीची काडी असे सुटे भाग आजही जुन्या, बंद पडलेल्या घड्याळांतून मिळतात. कोणत्याही तालुक्याच्या गावी ज्याने हे काम शिकले आहे, त्याचा हात या मशीनवर बसलेला असतो. ‘सी चीफ’चे मशीन उत्तम आहे, पण त्याचा एखादा भाग मोडला तर तो शोधायला महिने लागतात, आणि मग कोणीतरी दुसऱ्याच मशीनचा भाग घासून बसवतो.

आता तपासणी. घड्याळाची चावी पूर्ण उतरू द्या आणि मग पुन्हा चावी द्या. चावी फिरताना हाताला एकसारखा, हलका अडथळा जाणवायला हवा. मध्येच घसरली किंवा खरखरली तर आत झीज आहे असे समजावे. चार-पाच फेऱ्यांतच काटा आपोआप चालू लागला पाहिजे. हलवल्यावर चालणारे घड्याळ घेऊ नये. नंतर ते तबकडी वर करून, तबकडी खाली करून आणि चावी खालच्या बाजूला येईल असे उभे धरून, प्रत्येक स्थितीत थोडा वेळ कानाशी लावून ऐका. आवाज सर्व स्थितींत सारखा यायला हवा. त्या दुकानात टाइमग्राफर (ठोके ऐकून घड्याळाची चाल मोजणारे यंत्र) असेल तर त्यावर बॅलन्सचा झोका किती अंशांचा आहे ते पाहायला सांगा. पूर्ण चावी असताना २५०च्या पुढे असेल तर उत्तम; २००च्या खाली असेल तर घड्याळ कोरडे पडले आहे आणि सर्व्हिसिंगचा खर्च किमतीत धरावा लागेल. अंगावर ‘स्टेनलेस स्टील बॅक’ असे लिहिलेले असेल तर फक्त मागचे झाकणच स्टीलचे असते, बाकी केस मुलामा दिलेले पितळ असते, हेही लक्षात असू द्या. पितळ उघडे पडलेल्या ठिकाणी घामाने हिरवट थर धरतो. तो वेळच्या वेळी कोरड्या कापडाने पुसावा, घासकागद अजिबात लावू नये.

आपल्याकडचा उन्हाळा या यंत्रांना फार जड जातो. पारा चाळिशीच्या वर गेला की हलके तेल पातळ होऊन, चाकांचे दांडे ज्यांत फिरतात त्या खड्यांवरून पसरते आणि जिथे हवे तिथून निघून जाते. वर कापसाच्या आणि मुरमाच्या बारीक धुळीने उरलेले तेल चिकट होते. कोरड्या खड्यात फिरणाऱ्या दांड्याचे टोक झिजले की दुरुस्ती अवघड होते. म्हणून रोज वापरायचे असेल तर तीन-चार वर्षांनी एकदा मशीन पूर्ण खोलून साफ करून घ्यावे. घड्याळ चालू आहे म्हणून सर्व्हिसिंग पुढे ढकलणारे गिऱ्हाईक आम्हाला वारंवार भेटते, आणि मोडलेले दांडे बहुधा त्यांच्याच घड्याळांत सापडतात.

सर विज्ञानाचे शिक्षक आहेत म्हणून आणखी एक सांगतो. तापमान बदलले की बॅलन्स चाकाला जोडलेली, साध्या पोलादाची केसासारखी बारीक स्प्रिंग कमीजास्त ताठ होते आणि वेळ चुकते. यावर उपाय शोधला तो शार्ल एदुआर गियोम यांनी. निकेल आणि पोलादाच्या मिश्रधातूंवरील कामासाठी त्यांना १९२० सालचे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. गियोम स्वतः स्विस घड्याळजींच्या घराण्यातले होते. त्यांच्या शोधातून पुढे आलेल्या मिश्रधातूंच्या स्प्रिंगांमुळेच जानेवारीतल्या सकाळी आणि मे महिन्यातल्या दुपारी घड्याळ जवळपास सारखे चालते. मुलांना वर्गात झाकण उघडून दाखवण्यासारखी याहून चांगली वस्तू मला सुचत नाही.

बालाघाट, अंबाजोगाई

ही चर्चा वाचून मला एक वेगळा मुद्दा मांडावासा वाटतो. मी घड्याळे घेते ती थोडीच, आणि ओळखीच्या घरांतली घेते. माझे आजोबा पूर्णा जंक्शनला रेल्वेत नोकरीला होते आणि त्यांच्याकडे ‘वेस्ट एंड वॉच कंपनी’चे घड्याळ होते. ही कंपनी १८८६ साली मुंबईत सुरू झाली, माल स्वित्झर्लंडचा असे, आणि सैन्यात व रेल्वेत तिच्या घड्याळांना मोठा मान होता. आजोबा गेल्यावर ते घड्याळ अनेक वर्षे धान्याच्या कोठीशेजारच्या ट्रंकेत, कापडात गुंडाळून पडून होते. मी ते चालू करून घेतले, आणि तेव्हापासून मला हे पक्के पटले आहे की अनोळखी घड्याळ घेण्यापूर्वी माणसाने आपल्या घरातल्या, मामाच्या आणि आत्याच्या घरातल्या ट्रंका एकदा उघडून पाहाव्यात. मराठवाड्यात एचएमटीचे एखादे घड्याळ नाही असे जुने घर शोधावे लागेल. गोदाकाठ सरांच्या वडिलांच्या लग्नात त्यांना घड्याळ मिळाले असेल तर ते आज कुठे आहे, हे त्यांनी वडिलांनाच विचारावे, असे मी सुचवेन. मुलगा जुने यंत्र का घेतो हा त्यांचा प्रश्न त्या घड्याळाची सर्व्हिसिंग झाल्यावर कदाचित उरणार नाही.

आणि एक सावधगिरीची सूचना, जी अजून कोणी केलेली नाही. १९६०च्या आधीच्या घड्याळांत काट्यांवर आणि आकड्यांवर अंधारात चमकणारा रंग असेल, तर तो रेडियमचा असू शकतो. तो आता चमकत नाही म्हणून निरुपद्रवी झाला, असे समजू नये. त्यातले प्रत्यक्ष चमकणारे झिंक सल्फाइड कालांतराने निकामी होते, म्हणून चमक जाते. रेडियमचा अर्धायुकाल मात्र सुमारे १,६०० वर्षे आहे. घड्याळाचे झाकण बंद असेपर्यंत आणि काच शाबूत असेपर्यंत काळजीचे कारण थोडे आहे, परंतु ते घरी उघडू नये, तो रंग खरवडू नये आणि त्याची पूड श्वासाबरोबर आत जाऊ देऊ नये. माझ्या आजोबांच्या घड्याळाच्या काट्यांवर असा रंग आहे. म्हणून घड्याळजींना आधी सांगूनच मी ते उघडायला दिले, आणि वर्गात मुलांच्या हाती असे घड्याळ सरांनी कधीही देऊ नये.

गोदाकाठ, परभणी

सर्वांचे मनापासून आभार. बालाघाट ताईंनी सुचवल्याप्रमाणे वडिलांना विचारले. त्यांचे लग्नातले घड्याळ एचएमटीचेच होते, पण ते त्यांनी धाकट्या काकांना नोकरी लागली तेव्हा देऊन टाकले आणि पुढे त्याचे काय झाले हे काकांनाही आठवत नाही. हे सांगताना ते त्या घड्याळाबद्दल बराच वेळ बोलत राहिले, आणि संध्याकाळी माझ्याबरोबर दुकानात आले. घड्याळजींनी ‘सी चीफ’ची तबकडी रंगवलेली असल्याचे न विचारता सांगितले. ‘जनता’चे झाकण उघडून दाखवले तेव्हा आत दोन नोंदी दिसल्या, दोन्ही देवनागरी आकड्यांत. वडिलांनी भिंग डोळ्याला लावून त्या स्वतः वाचल्या. झोका २२०च्या आसपास होता, म्हणून सर्व्हिसिंग करून द्यावी असे ठरवून ‘जनता’ घेतले आहे. तबकडीला हात लावायचा नाही, असेही बजावून सांगितले.

आता दोन साध्या शंका उरतात. चावी दिवसातून केव्हा आणि किती द्यावी? आणि सर्व्हिसिंग नीट झाली आहे हे घरी कसे ओळखावे?

घड्याळदुरुस्ती, नांदेड

अभिनंदन, सर. चावी रोज एकाच वेळी, शक्यतो सकाळी, घड्याळ हातातून काढून द्यावी. हातात असताना दिली तर काडीवर तिरका ताण येतो. अडथळा लागेपर्यंत सावकाश फिरवावी आणि तिथे थांबावे, त्यापुढे जोर करू नये. पूर्ण चावीवर ते दीड दिवसापेक्षा थोडे अधिक चालायला हवे. घड्याळ रात्री मोबाइलच्या किंवा स्पीकरच्या शेजारी ठेवू नये, एवढे पाहा. बारीक स्प्रिंग चुंबकित झाली तर वेळ एकाएकी बरीच पुढे पळू लागते. तसे झालेच तर घाबरू नका, चुंबकत्व काढायचे यंत्र आमच्यासारख्या बहुतेक दुकानांत असते आणि काम क्षणाचे आहे.

सर्व्हिसिंग झाल्यावर पहिला आठवडा दररोज सकाळी चावी देण्याआधी मोबाइलवरच्या वेळेशी तुलना करून किती सेकंद पुढे किंवा मागे आहे ते वहीत लिहून ठेवा, आणि रात्री घड्याळ कसे ठेवले होते, सपाट की उभे, तेही त्यापुढे नोंदवा. दररोजचा फरक एकाच दिशेने आणि साधारण सारखा असेल तर मशीन ठीक आहे, फक्त नियमन करायचे राहिले आहे. फरक एक दिवस पुढे आणि एक दिवस मागे असा पडत असेल तर घड्याळ परत न्यावे. ती वही सोबत न्या, म्हणजे रेग्युलेटरची (चाल कमीजास्त करणारी) दांडी कोणत्या बाजूला किती सरकवायची हे घड्याळजींना अंदाजाने ठरवावे लागणार नाही.